चोर सापडला नाही, पैसे थोडे सापडले

ऑनलाइन खरेदीत माझे ६७,५०० रुपये गेले हे ज्याला ज्याला कळलं, त्याने एकच प्रश्न विचारला. "मग, पकडला का त्याला?" नाही पकडलेला. पकडतील असं मला फारसं वाटतही नाही. पण त्यातले ३८,२०० माझ्या खात्यात परत आलेत आणि आणखी ८,००० एका ठिकाणी अडकून पडलेत, त्यांची हकिगत पुढे सांगते. चोराचा माग आणि पैशाचा माग हे दोन वेगळे रस्ते आहेत, ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. चोर सापडला की पैसे मिळतील, या आशेवर लोक बसून राहतात. तोवर पैसे केव्हाच पांगलेले असतात.

घाटकोपरच्या पुढे माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दोघीजणी हाताखाली, नवरा सकाळी डबे पोचवून मग नोकरीवर जातो. २०२५ च्या लग्नसराईच्या तोंडावर कणीक मळायचं मोठं मशीन आणि चपाती प्रेस घ्यायचं ठरलं. मोबाइलवर राजकोटच्या एका कारखान्याची जाहिरात आली. कारखान्याचे व्हिडिओ होते, कोटेशन होतं, त्यावर २४ ने सुरू होणारा गुजरातचा जीएसटी नंबर होता. तो मी सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर कारखान्याचं नाव-पत्ता अगदी बरोबर आला. नंबर खरा, कारखाना खरा. माझ्याशी बोलणाऱ्याचा मात्र त्या दोघांशी काडीचा संबंध नव्हता.

बुकिंगचे ९,५०० मी त्याने पाठवलेल्या लिंकवर डेबिट कार्डाने भरले. पुढे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीचा, फोटो आला, ट्रकच्या नंबरासकट, आणि राहिलेले ५८,००० एका सकाळी यूपीआयने दोन टप्प्यांत गेले. त्याच दुपारी निरोप, वाटेतल्या विम्याचे ११,८०० भरा, माल उतरला की परत मिळतील. माझ्या सासऱ्यांची उभी हयात मस्जिद बंदरला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली. त्यांनी बिल्टीचा फोटो चष्म्याजवळ धरला आणि म्हणाले, "माल चढल्यावर विमा कोण मागतं गं? आणि ही बिल्टी कोऱ्या कागदावर छापलीय." मी कारखान्याच्या खऱ्या वेबसाइटवरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "बेन, तुम्ही पहिल्या नाही. आमचे फोटो चोरून कुणीतरी धंदा मांडलाय. आम्हीपण तक्रार केलीय."

त्यानंतर मी १९३० लावला. हा आकडा बसवर, एटीएमवर, पोलिसांच्या फलकांवर सगळीकडे दिसतो, पण तो नेमकं काय करतो हे कुणी सांगत नाही. ही तक्रार ऐकून घ्यायची लाइन नाही, पैसे थांबवायची आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. तुम्ही सांगितलेला व्यवहार त्यात चढला की ज्या बँकेत पैसे गेले तिला लगेच कळतं आणि त्या खात्यात तुमच्या रकमेपैकी जे काही शिल्लक असेल ते ती रोखून धरते. पैसे पुढे दुसऱ्या बँकेत गेले असतील तर निरोप त्यांच्या मागोमाग तिकडे जातो. म्हणजे शर्यत लागलेली असते. फोनवरच्या मुलीने रडगाणं ऐकलंच नाही, आणि बरं केलं. तिला चार गोष्टी हव्या होत्या: माझी बँक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. हा नंबर यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की खाली बारीक अक्षरात असतो. तो शोधण्यात माझी थोडी मिनिटं गेली. लाइन आधी लागत नव्हती, म्हणून नवऱ्याच्या फोनवरूनही लावत होतो. शेवटी लागली ती त्याच्याच फोनवरून.

तक्रारीचा लांबलचक नंबर एसएमएसने आला. त्या नंबराने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर जाऊन बाकीचा तपशील भरला, स्क्रीनशॉट जोडले. इथे एक अनुभवाची गोष्ट. मला जाहिरातीच्या त्या बनावट पेजवर इतका राग आला होता की ते रिपोर्ट करून आधी बंद पाडावं असं वाटत होतं. माझ्या भाच्याने हात धरला. पेज गेलं की त्यावरचा नंबर, जाहिराती, इतरांच्या शिव्या, सगळा पुरावा जातो. आधी पेजचा पूर्ण पत्ता कॉपी केला, कारण तसल्या नावाची पेजेस ढीगभर असतात. मग सगळ्या गप्पा खालपासून वरपर्यंत जतन केल्या, आणि मगच रिपोर्ट केलं. पेज दोन दिवसांत दिसेनासं झालं. पुढच्या महिन्यात त्याच फोटोंचं दुसरं आलं, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी बँकेत. ९,५०० आणि ५८,००० ही माझ्या लेखी एकाच चोरीची रक्कम, पण बँकेच्या लेखी ती दोन वेगळ्या जातींची प्रकरणं निघाली. कार्डाने भरलेल्या पैशाला चार्जबॅक असतो. माल मिळाला नाही असा वाद बँक कार्डाच्या नेटवर्कमार्फत समोरच्या व्यापाऱ्याच्या बँकेकडे नेते, आणि त्याला माल पोचवल्याचा पुरावा देता आला नाही तर पैसे फिरतात. फॉर्म भरला, कोटेशन आणि विम्याच्या मागणीचा मेसेज जोडला. ते ९,५०० पुढे गाजावाजा न होता परत आले. ना पोलीस, ना कोर्ट.

यूपीआयचं तसं नाही. काउंटरमागच्या साहेबांनी मला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ऐकवलं, आणि मी ते घरी येऊन वाचलंसुद्धा. त्यात ग्राहकाला चांगलं संरक्षण आहे. बँकेची किंवा ग्राहकाची नव्हे तर मधल्याच कुणाची तरी चूक असेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचा तोटा शून्य. पण हे सगळं तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन मी स्वतःच्या बोटांनी दाबला होता. फसवून दाबायला लावला, पण दाबला मी. कायद्याच्या नजरेत ही फसवणूक आहे, बँकेच्या नजरेत हा अधिकृत व्यवहार. मला हा भेद आजही पटत नाही. चोराने पिन चोरला तर मी निर्दोष, आणि माझा विश्वास चोरला तर माझं मी बघून घ्यावं, असा त्याचा अर्थ होतो. पण तेव्हा नियम असा होता, आणि त्याच्याशी शाखेत भांडून उपयोग नव्हता. मी एवढंच केलं, की माझी तक्रार त्यांना किती वाजता मिळाली आणि त्यांनी ती पुढे किती वाजता पाठवली, हे लेखी मागितलं. तिथे ढिलाई निघाली असती तर, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नसतं तर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. वेळा ठीक होत्या. तो रस्ता मी सोडून दिला.

आता पोलीस ठाणं. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे मला ठाण्याच्या बाकावर बसल्यावर कळलं. ठाणे अंमलदारांनी आधी सांगितलं, सायबरला जा. मुंबईत विभागवार पाच सायबर पोलीस ठाणी आहेत, पण माझ्याएवढ्या रकमेची फिर्याद आपल्या हद्दीच्या ठाण्यातही घेता येते, तिथे सायबरचं काम बघणारा अधिकारी असतो. मग सांगितलं, पीआय साहेब बंदोबस्तात आहेत. हे मला टोलवाटोलवीचं वाटलं, पण अर्धं खरं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, कलम ७८. म्हणजे हवालदाराने मनावर घेतलं तरी कागद वर जावाच लागतो.

"ताई, माल न बघता एवढे पैसे पाठवलेत कसे?" एक हवालदार म्हणाला. सगळे विचारतात तसंच त्यानेही विचारलं. मी म्हटलं, "साहेब, गावी जायचं तिकीट काढता तेव्हा गाडी बघून काढता का?" तो हसला, आणि तिथून पुढे जरा माणसांत आल्यासारखा बोलायला लागला. तरी त्या दिवशी फक्त अर्ज घेतला. पोच दिली, शिक्का दिला, चौकशी करून कळवतो म्हणाले.

आमच्या बिल्डिंगमध्ये कोर्टातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आयुष्यभर न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कागद लावले त्यांनी. मी पोच दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही पोच आहे बाळ. हिच्यावर कोर्ट तुला काय देणार? एफआयआर कर. चोर पकडण्यासाठी नाही, पैसे सोडवण्यासाठी." पैसे सोडवण्यासाठी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवता येतं, आणि तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, हे त्यांनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. आम्ही दोघांनी उपायुक्तांच्या नावे अर्ज लिहूनही ठेवला. तो पिशवीतच राहिला, कारण पुढच्या खेपेला एक पीएसआय मॅडम भेटल्या, त्यांनी बसवून माझा जबाब घेतला आणि गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे फसवणूक, जुनं चारशे वीस. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड, म्हणजे संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. पहिल्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दुसऱ्याला तीन.

सही करण्याआधी मी फिर्याद पूर्ण वाचली. मॅडमना घाई होती, संगणकावर अजून दोन जण रांगेत होते, तरी वाचली. त्यात कार्डाचे ९,५०० राहून गेले होते आणि एका व्यवहाराची वेळ सकाळची संध्याकाळ झाली होती. वेळ चुकली की बँकेच्या नोंदीशी मेळ बसत नाही. मॅडमनी कुरकुर न करता दुरुस्त केलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली. ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची, हेही आता कायद्यात आहे. त्याचा मी पुढे नम्रपणे उल्लेख करत राहिले.

तपासाचं चित्र त्या मॅडमनीच एक दिवस पोर्टलची छापील पानं समोर ठेवून समजावलं. माझ्या दोन व्यवहारांचे पैसे एकाच खात्यात गेले होते. पोलीस त्याला पहिला लेयर म्हणतात. खातं एका दुसऱ्या राज्यातल्या, विशीतल्या मुलाचं. अशी खाती भाड्याने मिळतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम थोड्याशा पैशांत कुणाच्या तरी हवाली करायचं आणि विसरून जायचं. तिथून पैसे फुटले. २१,३०० एटीएमने बाहेर निघाले. ते गेले. एकदा नोटा झाल्या की १९३० काय आणि कोण काय, कुणाचा हात पोचत नाही. ८,००० एका दुकानदाराच्या खात्यात गेले. आणि २८,७०० त्याच मुलाच्या खात्यात होते तिथेच अडकले, कारण बँकेपर्यंत निरोप आधी पोचला. चोराला एटीएमची दिवसाची मर्यादा आडवी आली असावी, असा मॅडमचा अंदाज.

"मग हे अठ्ठावीस हजार मला द्या ना," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आम्ही कोण देणार? कोर्टाचा आदेश आणा, बँक सोडेल." काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

कोर्टाच्या आधी ग्राहक आयोगाचं सांगून टाकते, कारण प्रत्येक जण तिकडे जायचा सल्ला देतो. मीही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता. एक अडचण मला आधीच वाटत होती. मशीन धंद्यासाठी घेतलेलं, मग मी ग्राहक कशी? तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत. पोळ्या लाटणारी बाई ग्राहकच. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे, आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. उपनगरवाल्यांसाठी वांद्रे पूर्वेला आयोग आहे. हे सगळं उत्तम, पण तक्रार करायची कुणावर? आयोगाची नोटीस जायला नाव लागतं, पत्ता लागतो. विक्रेता खरा आहे, माल फुटका पाठवला, पैसे परत करत नाही, अशा वेळी आयोग. चोराला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार? राजकोटच्या कारखान्यावर केली असती तर त्या बिचाऱ्यांनी माझं काय घेतलं होतं? मी ते दार वाजवलं नाही.

वकिलाचा खर्च हा पुढचा घोर होता. २८,७०० सोडवायला दहा हजार कुणाला द्यायचे? काकांनीच सांगितलं, कोर्टाच्या आवारात विधी सेवेची खोली असते, तिथे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मी दोनदा विचारून खात्री केली, कारण फुकट म्हटल्यावर मला आता भीतीच वाटते. खरंच होतं. आधार, एफआयआरची प्रत आणि एक साधा अर्ज. एक तरुण वकीलबाई नेमून मिळाल्या. १५१०० या नंबरावरूनही ही मदत मागता येते.

अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. काका अजूनही त्याला ४५७ च म्हणतात, जुन्या कायद्यातला तो आकडा त्यांच्या जिभेवर बसलाय. पोलिसांनी गुन्ह्यात रोखलेली किंवा जप्त केलेली मालमत्ता कुणाच्या ताब्यात द्यायची, हे दंडाधिकारी त्या कलमाखाली ठरवतात. सायकल चोरीला गेली आणि पोलिसांनी जप्त केली तर मालकाला ती खटला संपायच्या आधी मिळते, तेच कलम इथे बँकेतल्या रकमेला लावतात. आरोपी अटकेत असण्याची गरज नाही. अर्जासोबत माझं बँक स्टेटमेंट, १९३० च्या तक्रारीची प्रत, एफआयआर, पोर्टलवरचं ते लेयरचं पान आणि प्रतिज्ञापत्र लावलं. वकीलबाईंनी ताकीद दिली, तो मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. उद्या खटला उभा राहिला तर त्यातल्या गप्पा पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, आणि मूळ यंत्रच नसेल तर ते अवघड होईल. म्हणून तो तडा गेलेला फोन मी आजही वापरते.

पहिल्या तारखेला पुकारा झाला, मी उभी राहिले, आणि दोन मिनिटांत कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. पोलिसांचं म्हणणं म्हणजे तपास अधिकाऱ्याने लिहून द्यायचं, की ही रक्कम याच फिर्यादीची आहे, अमुक खात्यात रोखली आहे, परत द्यायला हरकत आहे किंवा नाही. सगळा वेळ इथे जातो. कोर्टाला घाई असली तरी तो एक कागद ठाण्यातून यायचा असतो. मॅडमची त्याच दरम्यान बदली झाली. नव्या साहेबांना माझं प्रकरण पहिल्यापासून सांगावं लागलं, त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्यांच्या फायली वीतभर होत्या. मी आठवड्यातून एकदा, दुपारच्या शांत वेळी जायचे. भांडायचे नाही, आवाज चढवायचे नाही, फक्त तारीख लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवायचे. पुढच्या तारखेला म्हणणं आलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. त्या मुलाला नोटीस निघाली होती, तो आला नाही, कुणी वकीलही आला नाही.

२८,७०० चा आदेश झाला. अट अशी, की उद्या दुसऱ्या कुणाचा हक्क शाबित झाला तर रक्कम परत भरेन, असं बंधपत्र द्यायचं. ते दिलं. आदेश झाला म्हणजे पैसे आले असं नव्हे. आधी नकलेचा अर्ज, मग सही-शिक्क्याची नक्कल, मग ती त्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ईमेलने आणि पोलिसांमार्फतही. बँकेने आदेशातला खाते क्रमांक आणि आपल्या नोंदीतला क्रमांक ताडून पाहिला. आमच्या अर्जात एक शून्य कमी पडला असता तर पुन्हा दुरुस्तीचा अर्ज करावा लागला असता. वकीलबाईंनी तो नंबर मोठ्याने वाचून दोनदा तपासला होता, तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं. शेवटी सकाळी पोळ्यांच्या गडबडीत मेसेज आला.

याच काळात एक फोन आला. सायबर विभागातून बोलतोय, तुमची उरलेली रक्कम मंजूर झालीय, १,९९९ प्रोसेसिंग भरा. माझं नाव, गेलेली रक्कम, सगळं त्याला पाठ. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, त्यातली ही. मी म्हटलं, "दादा, कोर्टात या, तिथेच देते." त्याने फोन ठेवला. तो नंबरही मी पोर्टलवर टाकला.

आता ते ८,०००. ते ज्याच्या खात्यात आहेत तो दुसऱ्या एका शहरातला मोबाइलचा दुकानदार आहे. त्याचं म्हणणं, एक पोरगा दुकानात आला, हेडफोन आणि चार्जर घेतले, क्यूआर स्कॅन करून पैसे दिले. पैसे कुठून आले हे त्याने का विचारावं? सुरुवातीला त्याचं अख्खं खातं बंद झालं होतं. पुढे फक्त वादातले ८,००० रोखून बाकीचं मोकळं झालं. वादातली तेवढीच रक्कम रोखा, पूर्ण खातं नको, असं काही उच्च न्यायालयांनीही म्हटलेलं आहे. पण तोवर त्याचे माल देणाऱ्यांचे चेक परत गेले होते. हे त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते.

आधी मला राग आला. माझे पैसे आहेत, एवढंच दिसत होतं. पण चोराचे म्हणून त्या दुकानदाराच्या गल्ल्यात वेगळे असे काही दिसत नव्हते, कणकेत मीठ मिसळावं तसे ते बाकीच्या गिऱ्हाइकांच्या पैशांत मिसळून गेले होते. आणि माझ्याही काउंटरवर क्यूआर आहे. रोज ओळखी-अनोळखी कितीतरी जण वीस रुपयांच्या पोळ्या घेतात आणि स्कॅन करून निघून जातात. त्यातला एखादा आदल्या दिवशी कुणाला लुबाडून आलेला असेल, तर उद्या माझं खातं बंद होईल, आणि मी बिलसुद्धा दाखवू शकणार नाही, कारण चार पोळ्यांचं बिल कोण करतं? तेव्हापासून मी शंभराच्या वरच्या प्रत्येक ऑनलाइन पैशाची वहीत नोंद करते. नाव, वेळ, काय नेलं. डब्याच्या गिऱ्हाइकांना महिन्याचं बिल देते. कटकट आहे, कामवाल्या मुली हसतात.

त्या दुकानदाराकडे हेडफोनचं बिल आहे म्हणे, अजून कोर्टात लागलेलं नाही. त्या ८,००० बद्दल कोर्टाने निकाल राखला नाही आणि दिलाही नाही, पुढची तारीख दिली. वकीलबाई म्हणतात, त्याने बिल आणि स्टॉकची नोंद आणली तर आपण जोर धरायचा का सोडून द्यायचं, ते तुम्ही ठरवून ठेवा. नवरा म्हणतो, आठ हजार म्हणजे आपल्या गॅसच्या कितीतरी टाक्या, सोडायचे कशाला. सासरे म्हणतात, त्या दुकानदारानेही माल दिलाय, त्याचं नुकसान का? दोघांचंही खरं आहे. माझं अजून ठरलेलं नाही, बिल बघितल्यावर ठरवीन.